गांडुळांवर जळणारा मुंजाबा

चितेगावचा मेंढपाळ मुंजाबा माणसांवर कधी जळला नाही. थोरल्या भावाला जमीन जास्त गेली, तरी हूं की चूं नाही. आणि म्हातारपणी जळला कुणावर, तर गांडुळांवर! हसू नका, खरं सांगतोय.

तीस वर्षं उन्हाळ्यात गावचे बागायतदार पुंडलिकदादा यांच्या रानात खतासाठी त्याच्याच मेंढ्या बसायच्या. आज या तुकड्यात कळप, उद्या पुढच्या. लेंडीमुतानं जमीन अशी तयार व्हायची की दादा चारचौघांत म्हणायचे, "हे पीक मुंजाबाचं." तेवढ्यावर गडी वर्षभर छाती काढून चालायचा.

मग दादांची सून दीपमाला हिनं प्रशिक्षण घेतलं, परदेशी लाल गांडुळं आणली आणि छपराखाली शेणाचे वाफे लावले. खत झालंही झक्कास. तिची वांगी बजाजनगरच्या बाजारात हातोहात जायला लागली. दादा म्हणाले, "यंदा मेंढ्या नको रं. गांडुळं हायेत."

"बोटभर किडं, अन् माझ्या जागी!" मुंजाबा घरी येऊन बोंबलला.

"मग तुम्ही बी शेण खा," बायको बानाबाई म्हणाली.

दिवाळीला दीपमालानं उरलेलं खत गांडुळांसकट दादांच्या आमराईत पसरलं. वाफ्यात गुणाची असलेली ती जात ठिबकच्या ओलीवर मोकाट सुटली आणि झाडांखालचा पाचोळा फस्त करून बसली. पानांचं पांघरूण गेलं, वरची माती चहाच्या भुकटीगत झाली, तिच्यात ओल टिकेना. बांधावरून रोज मेंढ्या नेताना मुंजाबाला हे दिसायचं. वरची मुळं उन्हात भाजणार, हेही कळायचं. पण तोंड उघडलं नाही. उलट बरं वाटलं. लई बरं वाटलं! मेंढ्या हाकताना गाणी म्हणायला लागला लेकाचा.

फाल्गुन सरता सरता वाटाण्याएवढ्या कैऱ्या झडायला लागल्या. दादांचा निरोप आला, "गांडुळं छपरातच बरी. रानात तुझा कळप आण." मुंजाबा धावतच गेला.

दीपमाला टोपलीनं पाचोळा आणून झाडांखाली पसरत होती. दादा शेजारीच उभे.

"मामा, तुम्ही रोज इथून जाता. तुम्हाला दिसलं नव्हतं का हो?"

नाय म्हणता आलं असतं. पण तिचे डोळे रडून सुजलेले, खोटं काही तोंडातून निघेना. "दिवाळीपासून दिसतंय, पोरी."

"मग सांगितलं का नाही?"

"जळत होतो."

दादा रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मेंढ्या बसव, ठरलं ते ठरलं." मग सुनेकडं वळले, "बागंवर नजर आता तूच ठेव. बाहेरच्या माणसाच्या भरवशावर राहू नको."

आजवर कळप कुठल्या तुकड्यात बसवायचा हे मुंजाबानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मान खाली घालून विचारलं, "मालक, कुठं बसवू?"