सलिलच्या हातावरचा गणपती

आमच्या अवनीच्या नवऱ्याला, सलिलला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी शोध लागला की आपल्याला ओळखच नाही. आधार कार्ड होतं, हिंजवडीच्या कंपनीचं गळ्यात लोंबणारं कार्ड होतं, शनिवार पेठेत इमारतीखाली बापाच्या नावाची पाटीही होती. पण याला हवी होती आतली ओळख. ती म्हणे बाणेरला मिळते, शनिवार-रविवारी, आधी वेळ घेऊन.

मी वासंती, अवनीची मावशी. माझी बहीण गेल्यावर अवनी माझ्याकडेच वाढली, स्वारगेटजवळच्या माझ्या दोन खोल्यांत. छत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. माणसाला सुई टोचण्याचं मला काही कौतुक नाही, आणि हौसेनं टोचून घेणाऱ्याचं तर अजिबात नाही.

बाणेरच्या त्या टॅटूवाल्याचं नाव रणजित. तो म्हणे नुसता टॅटू काढत नाही, आधी माणसाची एनर्जी बघतो. त्यानं सलिलला तासभर डोळे मिटून बसवलं आणि सांगितलं, "बाप्पाला कुठं उतरायचंय ते तोच सांगेल." बाप्पानं उजवा हात सांगितला, मनगटापासून कोपरापर्यंत, जिथं फोटोत नीट दिसतो. दोन रविवार टोचाटोची चालली. दुसऱ्या रविवारी हाताला प्लास्टिक गुंडाळून हा घरी आला.

डोळे मिटलेला गणपती, सोंडेत ओम, खाली एक तारीख. तारीख कसली म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "सिगरेट सोडली तो दिवस, मावशी. माझा रीबर्थ." हे तो गॅलरीत सिगरेट ओढत सांगत होता. चित्र तसं वाईट नव्हतं. ज्याच्या हातावर होतं त्याच्यापेक्षा तर पुष्कळच बरं होतं.

सलिलचे वडील श्रीधरपंत महापालिकेत कारकून होते. रोज तासभर सोवळ्यात पूजा, आणि त्या वेळात कुणी बेल वाजवली तर त्याचं काही खरं नाही. त्यांनी चष्मा वर करून हात पाहिला आणि एवढंच विचारलं, "मग देव्हाऱ्यात आहे तो काय भाड्यानं ठेवलाय?"

त्या देव्हाऱ्यापुढं सलिलनं आयुष्यात कधी निरांजन लावलं नव्हतं. पण स्वतःच्या हातावर देव आला आणि त्याच्या अंगात शास्त्र संचारलं. बाथरूमला जाताना लांब बाही. कॅम्पात चिकन खायला गेला तरी लांब बाही, कारण झाकलं की चालतं. अवनीला झोपताना त्याच्या उजव्या दंडावर डोकं ठेवायची सवय होती. तीही बंद झाली, कारण बाप्पा पाठीखाली जातो म्हणे! पलंगावरच्या जागा बदलल्या. अवनी पहिल्यांदा हसली. मग तिला दिवस गेले आणि तिचं हसणं कमी झालं. मी तिला म्हटलं, "अगं, नव्याचे नऊ दिवस." माझं चुकलं. मी त्या मुलीला तेव्हाच सावध करायला हवं होतं, त्याचा राग मला अजून येतो.

अवनीचा रक्तदाब वाढायचं निमित्त झालं आणि सहा आठवडे आधीच सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. अवनीला अतिदक्षता विभागात ठेवलं. शुद्धीवर आली तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "सलिलनं घेतलं का तिला?"

बाळाच्या डॉक्टर होत्या दीपाली म्हणून, तरुण, पण कामाला चोख. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "बाळाला ऊब हवी. आई दोन दिवस तरी धरू शकणार नाही. बाबांनी शर्ट काढून छातीशी धरायचं, त्वचेला त्वचा लागली पाहिजे. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास." मला आठवडाभर खोकला होता, त्यामुळं मला तर त्या खोलीच्या दारातही उभं करत नव्हते. मी मास्क लावून बाहेरच्या बाकावर. म्हणजे काम बापाचंच होतं.

बाप म्हणाला, "मला नाही जमणार. सोयर आहे ना दहा दिवस."

डॉक्टरांना कळेना. मूल जन्मलं की घरच्यांना दहा दिवस सोयर, देवाला शिवायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याचा इथं काय संबंध? सलिलनं बाही वर करून संबंध दाखवला. "बाप्पा माझ्या अंगावरच आहे. बाळाला घेतलं तर विटाळ डायरेक्ट त्यालाच."

"हाताला कापड गुंडाळा," दीपाली डॉक्टर म्हणाल्या.

"झाकलं म्हणून तो जातो का, मॅडम? तो माझ्या एनर्जीचा पार्ट आहे."

म्हणजे कोंबडीला कापड चालतं आणि स्वतःच्या पोरीला चालत नाही. मी छत्तीस वर्षांत नाना प्रकारचे नवरे पाहिले. दारू पिऊन आलेले पाहिले, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवून गेलेले पाहिले. त्यांची चीड यायची. याची चीडसुद्धा येईना, नुसती किळस आली. मी विचारलं, "हे शास्त्र तुम्हाला सांगितलं कुणी?" तर म्हणाला, त्यानं रणजितला फोन केला होता. आणि रणजित काय म्हणाला? "तुमचं मन काय सांगतं ते ऐका." सुई चालवणाऱ्याला सोयर विचारणारा माणूस पुण्यात तरी दुसरा निघायचा नाही.

मी श्रीधरपंतांना फोन लावला, खरं तर भीतभीतच. मुलगा एवढा, तर सोवळ्यातला बाप किती, असा माझा हिशेब. म्हातारा पाऊण तासात रिक्षानं आला. सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं. मग मुलाकडे न बघता डॉक्टरांना म्हणाला, "आजोबा चालतील का?"

"चालतील. हात कोपरापर्यंत धुवा."

श्रीधरपंतांनी सदरा काढला, घडी घातली, माझ्याकडे दिली. जानवं पाठीवर टाकलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "पंत, सोयर?"

"सोयर देवपूजेला असतं, वासंतीबाई. पोरीला धरायला कसलं आलंय? बापानं आंघोळ केली की त्याला सगळं चालतं, हे याला माझ्याकडे विचारता आलं असतं. घरातले देव दहा दिवस शेजारी बघतील, त्यांची सोय आहे. हिची नाही."

सलिल म्हणाला, "बाबा, प्रत्येकाची स्पिरिच्युअॅलिटी वेगळी असते."

"असेल. तुझी दाराबाहेर थांबव, आत गर्दी नको."

काचेतून मी पाहत होते. बहात्तर वर्षांचा माणूस, छातीवरचे केस पांढरे, आणि त्यात ते मूठभर पोर. चार तास म्हातारा हलला नाही. पाय आखडले म्हणून उठताना भिंत धरली. संध्याकाळी परत आला. असे दहा दिवस. तिसऱ्या दिवसापासून अवनी उठून बसायला लागली, मग दोघं पाळ्या लावायचे. रोज सासऱ्याच्या हातून मुलगी घेताना ती दाराकडे बघायची आणि विचारायची, "सलिल आलाय का?" यायचा. बाहेरच उभा राहायचा, काचेतून पोरीचे फोटो काढायचा आणि मोबाईलवर टाकायचा. खाली लिहायचा, बाप झालो. आठव्या दिवशी अवनीनं विचारणं सोडलं. ते माझ्या लक्षात आलं. त्याच्या आलं नाही.

अकराव्या दिवशी मुलीला घरी सोडायचं ठरलं. वजन वाढलं होतं, माझा खोकलाही गेला होता. सकाळी नऊला सलिल हजर. नवा झब्बा, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, कपाळाला गंध. आल्या आल्या फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "मावशी, व्हिडिओ घ्या ना. फर्स्ट टच. हाताचा अँगल नीट येऊ दे."

मी फोन धरला. अवनी खुर्चीत बसली होती, मुलगी तिच्या छातीशी. श्रीधरपंत पिशव्या भरत होते. सलिलनं दोन्ही हात पुढे केले.

अवनीनं त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मुलीच्या अंगावरचं दुपटं तिनं नीट केलं आणि म्हणाली, "नको. महिनाभर बाहेरच्या माणसांच्या हातात द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

त्याचे हात तसेच पुढे राहिले. मी शूटिंग थांबवलं नाही.