कमलचे बिबडे

"पाचोरा घे आणि वरणगावात ओत," हे यशोदाअक्कांनी मला सांगितलेलं पहिलं काम. मी लग्न होऊन अमळनेरला नुकतीच आले होते, शेजारच्या अंगणात मदतीला म्हणून गेले आणि नुसती उभीच राहिले. मग कळलं, पाचोरा म्हणजे पाचोऱ्याच्या बाजारातून आणलेला पितळी तांब्या आणि वरणगाव म्हणजे तिथल्या कारखान्यात नोकरीला असलेल्या भावानं दिलेलं मोठं पातेलं. अक्कांच्या घरात वस्तू जिथून किंवा ज्याच्याकडून आली, त्याचं नाव तिला कायमचं चिकटायचं. मावशीनं दिलेली शिडी 'मावशी' होती. "मावशीला भिंतीला टेकव" म्हटलं की नवा माणूस दचकायचा. मला हसू फुटलं की त्या म्हणायच्या, "हास, हास. पन देनारनं नाव इसरू नको."

उन्हाळा लागला की अक्कांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सुरू. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून वरणगावात घट्ट शिजवायची आणि ओल्या कापडावर थापून गच्चीत वाळवायची. हाताखाली आम्ही आळीतल्या बायका. एका लाकडी चाटूनं अक्का तळापासून ढवळत राहायच्या. दुसऱ्या कुणाचं ढवळणं त्यांना पसंतच पडत नसे. या बिबड्यांना त्या 'कमलचे बिबडे' म्हणत. ही कमल कोण, असं मी एकदा विचारलं. "मनी जेठानी," अक्का म्हणाल्या. म्हणजे मोठी जाऊ. अक्कांना हे सगळं तिनंच शिकवलेलं. तिला मूलबाळ नव्हतं, गेलीही ऐन तरुणपणी, आणि घरात तिचा साधा फोटोसुद्धा नव्हता. "तिनं मांगे कोनी नही शे," अक्का म्हणाल्या. "ह्या बिबडा शेतस, बस."

बाजारपेठेतल्या प्रकाशशेठनी एकदा हे बिबडे खाल्ले आणि सगळा माल आपल्या दुकानाला मागितला. आम्ही बायका हरखून गेलो. आठवड्यात शेठ पाकिटाचा नमुना घेऊनच आले. त्यावर अक्कांचा फोटो आणि 'अक्का ज्वारी चिप्स' असं झोकदार नाव.

"अक्का, कमल कोणाला माहीत आहे? तुमचा चेहरा चालेल," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, धंद्याचं बोलत होता.

अक्कांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "नाव कमलनंच राही. पटत व्हई तं ल्या, नही तं राहू द्या."

शेठ गेले आणि आम्ही अक्कांवर तुटून पडलो. मी तर तोंडावरच बोलले, की गेलेल्या बाईसाठी जित्या बायकांचं काम घालवताय. "तुमनं काम मी दखसू," म्हणजे बघेन, एवढंच त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून, ते दुखरे गुडघे घेऊन, ही बाई डबे उचलून एसटीनं बाजार करायला लागली. आज पाचोरा, उद्या धुळे. सोबतीला म्हणून मीही जायचे, कुरकुरत का होईना. कुणी विचारलं, पापड कसले हो, की उत्तर एकच: कमलचे. एकदा धुळ्याच्या बाजारात एक बाई गर्दीतून वाट काढत आली आणि म्हणाली, "कमलचे आले का आज?" अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि बिबडे मोजायला लागल्या. मला मात्र रडू आवरेना.

मग अमळनेरचं गिऱ्हाईकही शेठच्या दुकानात जाऊन कमलचे बिबडे मागायला लागलं, तेव्हा शेठ परत आले. पाकिटावर नाव कमलचंच छापलं.

यंदाच्या थंडीत अक्का गेल्या. हात थकले तेव्हाच त्यांनी तो चाटू माझ्याकडे दिला होता. त्यांच्याच घरच्या रीतीनं आम्ही आता त्याला 'अक्का' म्हणतो.

परवा बिबडे शिजत असताना शेठ आले. खरंच हळहळत होते. "आता तरी पाकिटावर अक्कांचं नाव घालू या," म्हणाले. "त्यांचा मान आहे तो." बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"नाव कमलचंच राहील," मी म्हटलं.

"आणि अक्कांचं काहीच नाही?"

"लता, अक्का दे गं इकडे," मी शेजारणीला म्हटलं. तिनं चाटू हातात दिला. वरणगावात खाली लागायला लागलं होतं.