आईच्या हातातलं पातं

गोरेगावच्या बाजारात लेथ मशीनच्या दुकानावरून जाताना यंत्राच्या तेलाचा गोडसर, गरम वास आला आणि माझे पाय थांबले.

कित्येक वर्षांपूर्वी विमानाच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी पुण्याला नोकरीला लागले, ते ठरलेलं लग्न मोडून. आईने माझ्याशी बोलणंच सोडलं. वर्षभराने कारखान्यात घरच्यांना बोलावण्याचा दिवस आला, आणि काही न कळवता आई दादासोबत दारात येऊन उभी राहिली.

मी तिच्या तळहातावर इंजिनाचं एक पातं ठेवलं. खिडकीतलं ऊन त्या वळणदार धातूवरून पाण्यासारखं सरकत होतं. यंत्रांची घरघर कुठेतरी लांब गेली. आई अंगठ्याने पात्याची कड हळूच चाचपत राहिली.

"हे तू केलंस व्हय?"

"व्हय आई. शेवटचा आकार मीच देते."

"आन् हे आभाळात जातं?"

"जातं."

तिने पातं जपून माझ्या हातात परत दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "येळेवर जेवतीस ना?"

माझ्या कामाचं तिने एका शब्दानेही कौतुक केलं नाही, याचं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, वर्षभर तिला एवढंच विचारायचं होतं.