मूळ मालकांना वंदन

युनिव्हर्सिटी अर्धवट सोडली की लीड्सच्या मराठी मंडळात तुम्हाला एकच पद मिळतं, ड्रायव्हरचं. काका लोकांना इकडून तिकडे नेऊन नेऊन मागच्या सीटवर इतके किस्से साठलेत की व्हॅक्यूम क्लीनर फिरवूनही निघत नाहीत.

बरेचसे देवस्थळीकाकांचे. काका मंडळाचे अध्यक्ष, रिटायर्ड सर्जन. टीव्हीवर ऑस्ट्रेलियाची डॉक्युमेंटरी पाहून त्यांनी 'आदिवासी मित्र' समिती काढली. पहिल्याच मीटिंगला म्हणाले, "गोऱ्यांनी त्या बिचाऱ्यांच्या जमिनी लाटल्या."

मी विचारलं, "आणि आपल्याकडे?"

"आपण त्यांना सांभाळून घेतो. तू आधी डिग्री पूर्ण कर."

*

गणपतीत मुलांचा आदिवासी डान्स बसवला. देवस्थळीकाकूंनी प्रत्येकाच्या डोक्याला पिसं बांधली.

"काकू, हे रेड इंडियन वाटतायत."

"अरे, नाहीतर आदिवासी आहेत हे कळणार कसं?"

मी आता वाद घालत नाही. गाडी चालवतो.

*

त्याच कार्यक्रमाला पुण्याच्या एका संस्थेने काळूरामदादाला पाहुणा म्हणून पाठवलं. कर्जतजवळच्या ठाकरवाडीचा, खराखुरा आदिवासी. स्टेशनवरून आणताना म्हणाला, "आमच्या डोंगरावर बंगल्यांची स्कीम येतेय. प्लॉट घेणारे निम्मे इथलेच डाक्टर. घेऊ नका, एवढंच सांगायचंय. धा मिनिटं द्या."

हॉलच्या दारात काकूंनी त्याचा स्वेटर पाहिला आणि हिरमुसल्या. "हे असेच आलेत?"

*

त्याच्या आधी काका बोलायला उभे राहिले. कॅनडातल्या कॉन्फरन्समध्ये काहीतरी ऐकून आले होते. "ज्यांच्या भूमीवर आपण उभे आहोत, त्या मूळ मालकांना वंदन." वंदन संपेचना.

हॉलचा केअरटेकर, पक्का यॉर्कशायरवाला, किल्ल्या वाजवत मला विचारू लागला, काय चाललंय? मी सांगितलं.

"छान," तो म्हणाला. "पण नऊला मी कुलूप लावणार."

आणि लावलं. काळूरामदादाला शाल मिळाली, नारळ मिळाला. माईक मिळाला नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्याला एअरपोर्टला सोडायला काकांच्या घरी गेलो. काका चहाबरोबर फोटो दाखवत होते. "हिवाळ्यात राहायला बंगला बांधतोय. कर्जतला, डोंगरावर."

काळूरामदादाने फोटोवर बोट ठेवलं. "डाक्टरसाहेब, हा आमचाच डोंगर."

काका खूश झाले. "अरे वा. मग जागा सांभाळायला तूच ये की. वॉचमन हवाच आहे."

"तिथं मीच हाय की. माझा आजाबी तिथंच होता."

"असं?" काका म्हणाले. "पगार कोण देतं?"