दसऱ्याले साक्षीदार घरी आला

साहेबाच्या पोट्ट्याचं डोकं मी फोडलं, हे खरं. काहून फोडलं, ते कोणी विचारलं नाही.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, अन् नागपूरकडच्या माह्या बाबांले तिथं सरकारी ऑफिसात बाबूची नोकरी लागली. आम्ही रायपुरातल्याच गुढियारी मोहल्ल्यात राहत होतो. बाबांच्या साहेबाचा पोट्टा नेमका माह्याच वर्गात. तो अन् त्याचे चमचे रोज माह्या मागं लागत. "ए बाबू का बेटा, सलाम ठोक!" नाही ठोकला तर संडासात कोंडत, पोरींसमोर पँट ओढत. सरांले सांगितलं, तर म्हणे, "लड़के हैं, मज़ाक करते हैं." वा रे मजाक!

हे सारं पाहणारा आपला माणूस एकच. शेजारचा पोट्टा, आमच्यासारखाच मराठी घरचा. माह्याच बाकावर बसायचा, माह्या डब्यातली पोळी खायचा. एक दिवस साहेबाचा पोट्टा त्याच डब्यात थुंकला. माह्यं टाळकंच सरकलं. उचलला तो स्टीलचा डबा अन् हाणला त्याच्या कपाळावर.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. मी म्हटलं, याले विचारा, यानं सारं पाह्यलं. शेजारच्यानं मान खाली घातली. "मैंने कुछ नहीं देखा, सर." माह्यासमोर!

मले सुधारगृहात धाडलं. तिथं मोठ्या पोट्ट्यांनी चाकू कसा धरायचा ते शिकवलं, अन् मी मन लावून शिकलो. सुटून आलो तर शाळेतले पोट्टे मलेच भ्यायले लागले. खोटं कशाले बोलू, बरं वाटलं. शेजारच्याले मात्र मी सोडणार नव्हतो.

दसऱ्याले तोच आपट्याचं सोनं घेऊन दारात उभा. आमच्यात रीतच आहे, त्या दिवशी वैरी आला तरी सोनं घ्यायचं अन् झालं गेलं विसरायचं. आई तर "ये ना बाप्पा, बस" म्हणून चिवडा काढायले आत गेली. मी त्याची कॉलर धरली. "सोनं देऊन राहिला काय बे? खोटं काहून बोलला?"

तो रडायलेच लागला. "तुह्या बाबांनीच सांगितलं होतं, तू चूप राह्य म्हणून. साहेबानं त्यांले शब्द दिला होता, त्याच्या पोट्ट्याचं नाव आलं नाही तर केस मिटवतो. नाही तर तुह्या बाबांची नोकरी जात होती. मंग साहेबच शब्दाले फिरला."

बाबा तिथंच खुर्चीत बसले होते, मी त्यांच्याकडे पाह्यलं. म्हणावं ना, खोटं आहे म्हणून! ते उठले, माह्या हातात सोनं ठेवलं अन् म्हणाले, "सोन्यासारखा राह्य."

मी वाकून पाया पडलो. पडावंच लागतं. साहेबाच्या पोट्ट्याचा राग केव्हाच गेला, शेजारच्याचाही गेला. बाबांचा जात नाही, काय करू?

आता दसऱ्याले मी घरी जात नाही. आई दरसाल फोनवर रडते, "मी तुले असं काय केलं रे?" अन् बाबा बाजूले बसून ऐकत असतात.