सुमनताईंची सुईदोऱ्याची डबी

थेरगावात डांगे चौकातून आत वळलं की भाजीवाल्यांच्या पाठीमागे सुमनताईंचं शिवणाचं दुकान लागतं. दुकान म्हणजे काय, तर एक मशीन, एक इस्त्री आणि पाय ठेवायला जेमतेम जागा. कबड्डीचा मोसम सुरू झाला की इथे ब्लाउज वेळेवर मिळण्याची आशा कुणी धरू नये. गिऱ्हाईक बायका कुरकुर करतात आणि परत इथेच येतात, कारण ताईंच्या हातची शिवण उसवत नाही.

लग्न होऊन त्या परभणीकडून आल्या, तेव्हा या गावात ओळखीचं असं काही नव्हतं. नवरा चाकणला कंपनीत, त्याच्या शिफ्टचा पत्ता नाही, आणि बोलायला भिंती. एका संध्याकाळी गलका ऐकून त्या मैदानाकडे गेल्या तर कबड्डी चालली होती. माहेरी भाऊ खेळायचे अगदी तशीच. त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कुणा पोराची जर्सी फाटली तशी त्यांनी ब्लाउजला टोचलेली सुई काढली आणि उभ्याउभ्याच टाके घालून दिले. तेव्हापासून थेरगावच्या संघाच्या बाकाशेजारची जागा त्यांची झाली. सोबत स्टीलची डबी, तिच्यात सुया, कात्री आणि संघाच्या रंगाची म्हणून लाल-पांढरी रिळं.

अंगात घातलेला कपडा शिवायचा तर घालणाऱ्याने दातात दोरा धरायचा, ही त्यांच्या आईची शिकवण. त्याशिवाय त्या सुई टेकवत नाहीत. त्यामुळे एरवी मैदानावर आरडाओरडा करणारी दांडगी पोरं त्यांच्यापुढे दोरा चावत गप्प बसतात, आणि ताई तेवढ्यात प्रत्येकाला चार शब्द सुनावून घेतात. उलट बोलायची सोय नसते.

सगळ्यांत जास्त शब्द प्रितमच्या वाट्याला यायचे. चाकणजवळच्या शेतकरी घरातला हा पोरगा मिसरूड फुटायच्या आधी थेरगावच्या संघात आला. आई लहानपणीच गेलेली. सगळं गाव सुमनताईंना ताई म्हणतं, हा एकटा मावशी. चढाईला गेला की चपळाईने असा काही डावीकडे वळायचा, की पकडणाऱ्याच्या हाती फक्त जर्सीचा खांदा यायचा. तो खांदा ताईंनी किती वेळा शिवला असेल याचा हिशेब नाही. तो चढाईला निघाला की त्या इकडे श्वास रोखून धरायच्या, आणि तो मध्यरेषा ओलांडून परत आला की सोडायच्या. त्यांची लेक स्वरूपा म्हणायची, आई, एक दिवस तूच बाद होशील.

तर हा प्रितम यंदा मोशीच्या संघाला गेला. गेला म्हणजे दिला. हल्ली आपल्याकडच्या लीगमध्ये संघांना मालक असतात आणि ते आपसांत खेळाडू बदलून घेतात. थेरगावच्या मालकाने मोशीकडून दोन पकडपटू घेतले आणि प्रितमला तिकडे देऊन टाकलं. त्याला कुणी विचारलंही नाही. पण राग मालकावर काढायचा कसा? तो कुठे मैदानावर दिसतो? मग सगळा राग प्रितमवर निघाला. संघाचे जुने समर्थक दत्तोबा चहाच्या टपरीवर म्हणाले की यापुढे त्या पोराचं नाव काढायचं नाही, समोर आला तरी ओळख द्यायची नाही. माना डोलल्या. सगळ्यांत आधी सुमनताईंची डोलली.

ताईंना लागलं होतं ते वेगळंच. ही बातमी त्यांना स्वरूपाच्या मोबाइलवरून कळली. ज्याला दातात दोरा देऊन वाढवला, त्याला दुकानापर्यंत येऊन एक शब्द सांगवला नाही. भिंतीवरची त्याची जुनी लाल जर्सी त्यांनी उतरवून ट्रंकेत टाकली. स्वरूपाने कारण विचारलं तर म्हणाल्या, धूळ बसायली म्हणून. पुढे दोन दिवस मशीनचा आवाज जरा जास्तच यायचा.

आणि नशीब असं, की अंतिम सामना थेरगाव आणि मोशी यांच्यातच आला. ताई जाणार नव्हत्या. सकाळपासून तसं त्या तीनदा म्हणाल्या, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी बाकाशेजारी जाऊन बसल्या.

प्रितम निळ्या जर्सीत उतरला. थेरगावकरांनी ठरल्याप्रमाणे तोंड फिरवलं. तो पहिल्या चढाईला निघाला, मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला, आणि इकडे ताईंनी सवयीने श्वास रोखला. तो गडी टिपून परत गेला तेव्हा त्यांनी सोडला. गडी आपलाच बाद झालाय हे त्यांच्या मागाहून ध्यानात आलं. स्वरूपा बघतेय हे पाहून त्या खोकल्या.

मध्यंतर व्हायच्या जरा आधी व्हायचं तेच झालं. प्रितम डावीकडे वळला आणि थेरगावच्या पकडपटूच्या मुठीत खांदा राहिला. जर्सी पार छातीपर्यंत फाटली. पंच म्हणाले, ही शिवून घे नाहीतर बाहेर बस. दुसऱ्याच्या नंबरची जर्सी चालत नाही आणि त्याची जास्तीची जर्सी उपांत्य सामन्यातच फाटली होती. मोशीच्या बाकावर पळापळ झाली, पण सुई कुणाकडे असणार? मैदानावर सुई एकच होती.

थेरगावच्या बाजूला सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. प्रितम बाहेर बसला तर कप आपलाच. दत्तोबा ताईंकडे वाकून हळूच म्हणाले, "ताई, डबी उघडू नका. इतक्या वर्षांनी कप येतोय गावात."

ताईंनी डबी मांडीवर घट्ट धरली. समोर प्रितम फाटका खांदा हाताने धरून उभा होता. तो काही मागायला आला नाही. त्याने एकदा इकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताईंना ते बघवेना. त्या उठल्या, मैदान ओलांडून सरळ मोशीच्या बाकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "बस खाली."

तो बसला. त्यांनी दोरा तोडला, त्याच्या दातात दिला आणि टाके घालू लागल्या.

"दिलं त्यांनी तुला, त्याला तू काय करणार," त्या सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "पण सांगायला कामून आला नाहीस? मी काय धरून ठेवणार होते का तुला?"

त्याला बोलता येत नव्हतं. दोरा दातात होता. डोळे मात्र भरून आले, आणि ताईंना शेवटचे टाके नीट दिसेनात. तरी हात चुकला नाही. गाठ मारून त्यांनी दोरा कापला, तेव्हा त्याने तोंडातला दोरा काढून मुठीत धरला.

"चौकापर्यंत आलतो मावशे," तो म्हणाला. "म्होरं पाय निघंना. तू रडली असतीस तर मला जायाचं झालं नसतं."

ताईंनी त्याच्या पाठीवर एक चापट मारली आणि जोरात खेळ म्हणून सांगितलं.

तो खेळलाही तसाच. थेरगाव हरलं, थोडक्यात हरलं. कप मोशीला गेला. ताई डबी आवरत होत्या, तेव्हा दत्तोबा शेजारून उठले. मग सगळ्यांदेखत मैदान ओलांडून गेले आणि प्रितमच्या त्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिवण टिकली का रे?"

इकडे स्वरूपाने डबीत डोकावून पाहिलं. लाल रीळ होतं, पांढरं होतं, आणि त्यांच्यात एक कोरं करकरीत निळं.

"आई, आपल्या डबीत निळं कुठून आलं?"

"काल आणलं," सुमनताई झाकण लावत म्हणाल्या. "त्याचा डावा खांदा फाटतोच."