महाळुंगे ते लोकसभा, व्हाया कासारवाडी

लोकसभा बघायला दिल्लीला जावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी आमच्या महाळुंग्याहून चाकणच्या रस्त्यानं कासारवाडीला जाऊन दाखवावं. दिल्ली जवळ वाटेल.

माझी नात पल्लवी कासारवाडीला कॉलेजात शिकते. तिच्या कॉलेजात युवा संसद होती. म्हणजे पोरंच खासदार, पोरंच मंत्री, आणि लोकसभेत कायदा कसा होतो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायचं. उत्तम करेल त्याला बक्षीस. पल्लवी मंत्री! तिनं विधेयक लिहिलेलं. विधेयक म्हणजे थापलेली भाकरी, अजून तव्यावर पडायची असलेली. भाजून फुगली की मग तिला कायदा म्हणायचं. विधेयकात काय, तर कंपनीनं बाईमाणसाला दारातून बसनं न्यायचं आणि दारात आणून सोडायचं. हे तिनं तिच्या आईसाठी लिहिलं. माझी सून सुनीता कंपनीत कामाला जायला रोज पहाटे अंधारात बांधावरून हायवेपर्यंत चालत जाते, बॅटरी धरून. पुढं कंटेनर अंगाला घासून जातात ते वेगळंच. पल्लवी म्हणाली, "आजी, खोट्या संसदेत का होईना, हे एकदा मंजूर झालेलं मला बघायचंय." म्हणलं, मग मी पण येते. चौथी शिकलेली असले तरी वर झालेले हात मला मोजता येतात.

दिवस गुरुवारचा. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळं माझा लेक दत्ता मोकळा. त्यानं त्याची गाडी कंपनीला लावलीय, रोज तळवड्याच्या एका साहेबाला चाकणला नेतो-आणतो. सुनीताला मात्र नेमका त्याच दिवशी ओव्हरटाइम. ती भल्या पहाटेच गेली, चालत.

आता ह्या दत्ताला काय म्हणावं! एकदा ग्रामपंचायतीत मेंबर झाला, तेव्हापासून ह्याला सगळं कळतं. पोरगी साडी नेसून, चपला घालून दारात उभी, आणि हा गाडी पुसतोय. आरसा पुसला, टायर पुसले, हॉर्नसुद्धा वाजवून बघितला.

"पप्पा, चला ना! गणपूर्ती झाली नाही तर सभा रद्द होईल."

"काय रद्द होत न्हाई. पयली सभा तहकूबच होती. मागनं भरती ती खरी."

आमच्या ग्रामसभेत तसंच चालतं. ठरलेली माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तीच सभा परत भरली की माणसं मोजायचं कारण उरत नाही. म्हणून पहिलीला कुणी फिरकतच नाही. सगळं गाव घरी चहा पीत तहकुबीची वाट बघतं.

"पप्पा, ती ग्रामसभा. इथे परत भरली तरी परत मोजतात."

"मोजू दे की. आपन काय पळून चाललोय?"

तुम्ही जाणार असाल तर ऐका. हायवेनं जाऊ नका, निघोज्यावरून तळवड्याला उतरा. तिथंही खड्डे आहेतच, पण खड्ड्यात निदान गाडी पुढं तरी सरकते. तळवड्याला पल्लवीचा वर्गमित्र रोहन गाडीत बसला. तो विरोधी पक्षाचा. म्हणलं, असू दे बाबा, विरोधी पक्षाला पण भूक लागते. मी डब्यातली धपाटी दिली, त्यानं तीन खाल्ली. पल्लवी त्याला खोदून खोदून विचारत होती, "तू माझ्या विधेयकावर काय बोलणारेस?" तो गालात धपाटं धरून हसायचा फक्त.

निगडीला दत्तानं गाडी बाजूला घेतली. का, तर मिसळ!

"आये, पोटात काय नसलं तर पोरं भाषण कशी करत्याल?"

"आरं, त्यांनी आत्ताच खाल्लंय! तुला भूक लागली म्हण की सरळ!"

मिसळ झणझणीत होती, ते खोटं सांगणार नाही. ताक मात्र फुकट देतात आणि चवही फुकटचीच. पण मी ती मिसळ रागानं खाल्ली, आणि रागानं खाल्लेली मिसळ दुप्पट तिखट लागते.

चिंचवडच्या पुढं सगळं ठप्प. तेवढ्यात पल्लवीचा फोन वाजला. कॉलेजच्या बाई होत्या. खऱ्या लोकसभेत म्हणे दहातला एक खासदार असला तरी काम चालतं, पण बाईंनी पोरांना निम्म्याचा नियम घातलेला. बरीच पोरं आमच्यासारखी रस्त्यात अडकलेली. दोन डोकी कमी पडत होती. ती दोन्ही आमच्या गाडीत! अध्यक्ष घंटा वाजवून थकली, बाई म्हणाल्या, अजून थोडा वेळ बघतो, मग सभा बंद. तहकूब नव्हे, बंद. पल्लवी रडकुंडीला आली.

दत्ताची मेंबरकी उतरली.

मी म्हणलं, "उतरा खाली. ती वरून चालली ती काय हाय?"

ती मेट्रो. गाडी दत्ताच्या गळ्यात टाकून आम्ही तिघं पिंपरीच्या स्टेशनात शिरलो. तुम्हाला सांगते, कासारवाडीला जायचं तर गाडी पिंपरीलाच सोडा. तिकीट टमटमएवढंच, आणि वर गारवा. सरकता जिना आला तशी मी थांबले. रोहननं माझा हात धरला, "आजी, डोळे मिटा आणि पाय टाका." टाकला. मला इतकं हसू आलं की पल्लवीपण हसायला लागली.

पळत पळत पोचलो. दोघं आत जाऊन बसली आणि गणपूर्ती झाली. मला प्रेक्षकांच्या बाकावर बसवलं. तिथला नियम असा की बोलायचं नाही, टाळी नाही, हातवारे नाहीत. माझ्यासारखीला ही शिक्षाच.

पल्लवीनं विधेयक मांडलं, ते पहिलं वाचन. मग दुसरं वाचन, त्यात एकेक कलम घेऊन चिरफाड करतात, भाजी निवडल्यासारखी. तिसऱ्या कलमावर रोहन उठला.

"अध्यक्ष महोदया, हे विधेयक म्हणजे नुसता देखावा आहे."

"मेल्या, खाल्लंस ना आत्ता!" माझ्या तोंडून गेलंच. अध्यक्ष झालेली पोरगी म्हणाली, "प्रेक्षकांनी शांतता राखावी." मी पदर तोंडाला लावला.

रोहन पुढं बोलत होता. "या कलमात 'कंपनीच्या महिला कर्मचारी' असं लिहिलंय. माझी आई तळवड्यात कंत्राटदाराकडून कामाला जाते. मशीन कंपनीचं, गेट कंपनीचं, पण कंपनी म्हणणार, ही आमची नाही. तिला ही बस मिळणार नाही. माझी दुरुस्ती अशी की 'कंत्राटी महिलांसह' हे शब्द घालावेत."

आमची सुनीता पण कंत्राटीच की! जिच्यासाठी पोरीनं हे सगळं मांडलं, तीच त्यात नव्हती.

सरकारी बाकांवरून "नाही, नाही" असा गलका सुरू झाला. शेजारची मंत्री पल्लवीच्या कानाला लागली, "घेऊ नको, हरल्यासारखं दिसेल. आपला नंबर जाईल." पल्लवी कागदाकडं बघत राहिली. कान लाल झालेले तिचे. मी मनात म्हणत होते, ऊठ बाय, ऊठ. बोलायची तर बंदी.

ती उठली. "अध्यक्ष महोदया, सरकार ही दुरुस्ती स्वीकारत आहे."

मग आवाजी मतदान. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणा, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणा. होय मोठा झाला. तिसऱ्या वाचनाला विधेयक संमत. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. मिळेना का.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सुनीता हातपाय धूत होती. पल्लवीनं सगळं सांगितलं.

"मग, उद्यापास्नं बस येनार?" सुनीतानं थट्टेनं विचारलं.

"कुठली गं! हे झालं लोकसभेचं. मग राज्यसभा, मग राष्ट्रपतींची संमती, मग राजपत्र..." बोलता बोलता पोरीचा आवाज बारीक झाला. "आई, मी तुलाच धरलं नव्हतं त्यात."

सुनीता पाय पुसत म्हणाली, "अगं, रोज त्या गेटातनं जाते तरी मीच कुठं सोताला कंपनीची धरते? तू तरी कशी धरनार?"

मला दिल्लीतलं काही कळत नाही, पण दारातली गाडी दिसते. मी दत्ताकडं वळले. "तुजा साहेब थोडा थांबंल. आदी बायकोला सोड."

"आये, तळवडं उलट्या अंगाला हाय! साहेब काय म्हनंल?"

"सांग, रस्त्यात कंटेनर आडवा हुता. रोज असतोच."

कुरकुरला, पण शुक्रवारी पहाटे गाडी काढली. सुनीता पुढं बसायला गेली, पुढं दत्ताचा डबा आणि पाण्याचा कॅन. म्हणून ती मागं बसली, साहेब बसतो तिथं, अगदी कडेला, सीट मळंल म्हणून अंग चोरून.

त्याला आता बरेच दिवस झाले. हायवेच्या वळणावर तिच्या कंपनीतल्या, तिच्याच लायनीवर काम करणाऱ्या आणखी दोघी चालत जाताना दिसायच्या, सुनीतानं त्यांनाही आत घेतलं. परवापासून एक तिसरी. काल दत्ता घरी आला तो करवादतच.

"आये, ही गाडी हाय का कंपनीची बस?"

मी गाडी पुसायचं फडकं तेवढं त्याच्या हातात दिलं.